ओसरीवरची लाकडी पाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या नावाची किंवा घरातल्या माणसांच्या नावांची पाटी विकत न आणता स्वतः रंगवावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ओसरी, पडवी, बंगल्याचा पोर्च, फ्लॅटचं दार, म्हणजे डोक्यावर थोडंफार छप्पर असलेल्या जागा इथे गृहीत धरल्या आहेत. बहुतेक जण सगळी मेहनत पाटीच्या दर्शनी बाजूवर घेतात. पाटी खराब व्हायला लागते ती मात्र मागून आणि कडांनी. खालच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण ती खरंच तितकी महत्त्वाची आहे.

कोणतं लाकूड घ्यावं?

परवडत असेल तर साग. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि पाण्यापावसात ते फारसं हलत नाही. मात्र हे सगळं गाभ्याच्या गडद लाकडाबद्दल खरं आहे. सालीलगतचा फिकट पट्टा सागाचा असला तरी कीड त्याला धरते, म्हणून फळीत असा पट्टा असेल तर तो कापून टाका.

रंगवायच्याच पाटीला माझी पहिली पसंती शिवणीला आहे. हलकं, मऊ, रंध्याखाली छान गुळगुळीत होणारं लाकूड आहे ते, आणि वाळल्यावर आपला आकार सोडत नाही. फणसाचं लाकूड टिकाऊ आणि दिसायलाही सुंदर असतं, त्यामुळे ते रंगाखाली झाकायला जीव होत नाही. आंबा स्वस्त पडतो आणि रंग चांगला धरतो, पण भुंग्याला तो फार आवडतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळं आणि खेळणी आंब्याच्या लाकडाची असतात, पण ती घरात राहतात. बाहेरच्या पाटीसाठी आंबा घेतलाच, तर कीडनाशक लाकडात मुरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, नको. एक पावसाळा पुरतो, कडा फुगतात आणि मग त्यावर काही उपाय उरत नाही. प्लायवूड चालेल, पण ते आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे बाजारात ज्याला मरीन प्लाय म्हणतात ते हवं. त्याच्या कडा लांबी, म्हणजे पुट्टी भरून बंद कराव्या लागतात.

पाटी केवढी असावी आणि फळी किती जाड?

आधी अक्षर ठरवा, मग पाटी. पेंटर मंडळींचा ढोबळ हिशेब असा की दर दहा फूट अंतराला साधारण एक इंच उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. फाटकापासून ओसरी तीस फुटांवर असेल तर अक्षराचं अंग तीन इंचांचं हवं. फ्लॅटच्या दारावर सव्वा इंच पुष्कळ झालं. देवनागरीत या उंचीच्या वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा लागते, म्हणून फळीची रुंदी अक्षराच्या उंचीच्या किमान अडीच पट धरा.

जाडी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. दोन फुटांपेक्षा लांब पाटी असेल तर आठ सूत. चार सुतांच्या फळीला हमखास बाक येतो.

वखारीत फळी निवडताना काय बघायचं?

फळी डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका. पीळ असेल तर लगेच कळतो, आणि पिळलेली फळी रंधून सरळ करायच्या नादाला लागू नका. मग आडवं कापलेलं टोक बघा. तिथे वर्षवलयांच्या रेघा जितक्या उभ्या असतील तितकी फळी कमी वाकते. मोठ्या कमानीसारख्या रेघा दिसत असतील, तर ती फळी पुढेमागे बाक घेणार. गाठी आणि टोकांच्या तडाही तपासा.

फळी सुकी आहे का, हे हातात धरून आणि वजनावरून अंदाजाने कळतं. शंका असेल तर आणल्यावर महिनाभर घरात, चारही बाजूंनी वारा लागेल अशी पट्ट्यांवर ठेवून द्या. पुण्यात भवानी पेठेतला टिंबर मार्केट, मुंबईत रे रोडच्या वखारी अशा ठिकाणी कापून उरलेले तुकडे मिळतात. पाटीपुरतं लाकूड त्यातूनच निघतं, अख्खी फळी घ्यायची गरज पडत नाही.

आवारातल्या फणसाची किंवा आंब्याची फळी काढता येईल का?

हौस सुंदर आहे, पण उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी घ्या. महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबतचा १९६४ चा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही सगळी झाडं आहेत, मग ती खाजगी जमिनीत का असेनात. शहरात पालिकेचे वेगळे नियम लागतात.

एखादी मोठी फांदी आधीच पडलेली असेल तर ती कापून लगेच पाटी करता येत नाही. उघड्या हवेत लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष लागतं, आणि कोकणात पावसाळ्याचे महिने त्या हिशेबात धरू नयेत. फळ्या पाडून घ्या, दोन्ही टोकांना लगेच जाड रंग फासा म्हणजे तडा जाणार नाहीत, आणि सावलीत रचून ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोलीकडे आंबा-फणसाची कितीतरी जुनी झाडं आडवी झाली. आजोबांनी लावलेल्या झाडाची फळी घराच्या दारावर येणं याचं मोल बाजारातल्या कुठल्याही सागाला नाही. त्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावं.

जुन्या दाराची फळी किंवा पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड चालेल?

जुनं दार, वासा, कपाटाची फळी हे तर उत्तम. ते लाकूड कधीचंच वाळून स्थिरावलेलं असतं. करवत लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. ओला पॉलिश पेपर वापरा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि घासलेला गाळ गोळा करून टाका. तो अंगणात किंवा परसातल्या मातीत जाऊ देऊ नका.

पॅकिंगच्या लाकडावर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडून द्या. हे बहुधा पाइन असतं. त्याच्या गाठींतून राळ झिरपते आणि रंगावर पिवळे डाग पडतात, म्हणून गाठींवर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात द्या.

रंगाचे हात कोणत्या क्रमाने द्यायचे?

आधी घासणं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, मग १८०, नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेने. त्याहून गुळगुळीत केलं तर अस्तर, म्हणजे वूड प्रायमर, धरत नाही. चारही कडांचे टोकदार कोन मारून किंचित गोल करा, कारण धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि पोपडे तिथूनच सुटायला लागतात. साग असेल तर थिनरने भिजवलेल्या फडक्याने पुसा म्हणजे वरचं तेल निघेल, आणि ते उडालं की लगेच पहिला हात द्या.

आता मुख्य गोष्ट. फळी जिथे आडवी कापलेली असते त्या दोन टोकांना लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. पाणी तिथून आत शिरतं, सपाट बाजूने शिरतं त्याच्या कितीतरी पट जास्त. म्हणून अस्तराचा पहिला हात टोकांना द्या. ते पिऊन टाकतील. दुसरा द्या, तोही पितील. ओलसर चमक टिकून राहीपर्यंत देत राहा. मग पुढची बाजू, मग मागची. पुढे जितके हात तितकेच मागे. मागची बाजू कोरी ठेवली तर तीच एकटी दमट हवा शोषते आणि फुगते, पुढची फुगत नाही, आणि फळीला बाक येतो. ‘मागे कोण बघतंय’ म्हणून सोडलेल्या पाट्या पहिल्या दोन पावसाळ्यांत वाकलेल्या दिसतात.

अस्तर वाळलं की खड्डे लांबीने भरा, २२० ने हलकं घासा, अस्तराचा आणखी एक हात, आणि मग रंगाचे दोन पातळ हात. प्रत्येक हातानंतर एक रात्र जाऊ द्या. घाईने एकच जाड हात दिला तर वर साय धरते आणि आत रंग महिनाभर मऊ राहतो.

ऑइल पेंट की पाण्याचा रंग?

अक्षरांसाठी ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल. तो ब्रशमधून सलग वाहतो आणि ब्रशच्या खुणा स्वतःच भरून काढतो. पार्श्वभूमीला बाहेरच्या वापराचा चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रिलिक रंग चालतो, उलट तो लाकडाबरोबर थोडा ताणला जात असल्यामुळे कमी तडकतो. अ‍ॅक्रिलिकवर इनॅमलची अक्षरं बसतात. चकचकीत इनॅमलवर अ‍ॅक्रिलिक मात्र धरत नाही.

कोणते रंग उन्हात टिकतात?

मातीतले. काव आणि गेरू हे लोहाचे ऑक्साइड आहेत. त्यांना ऊन उडवू शकत नाही, म्हणून रेड ऑक्साइडचा तांबडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पांढरा, काळा, गडद हिरवाही टिकतात. भडक लाल, गुलाबी, लिंबोळी पिवळा आणि चमकते ‘फ्लोरोसंट’ रंग पश्चिमेच्या उन्हात लवकर फिके पडतात. ओसरी पश्चिमेला असेल तर पार्श्वभूमी फार गडद ठेवू नका, कारण गडद फळी जास्त तापते आणि रंग तडकतो.

कावेच्या तांबड्यावर मोतिया पांढरी अक्षरं ही मला चिऱ्याच्या घरावर सर्वात शोभणारी जोडी वाटते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर गडद हिरव्यात पिवळसर अक्षरं.

अक्षरांची आखणी कशी करायची?

इथे वेळ द्या. रंगकामात झालेली चूक घासून काढता येते, पण आखणी चुकली तर पाटी कायम अवघडलेली दिसते.

फळीच्या मापाचा खाकी कागद घ्या आणि त्यावर पेन्सिलने चार रेघा आखा: वर मात्रा-वेलांट्यांची, मग शिरोरेषेची, मग अक्षराच्या पायाची, आणि सर्वात खाली उकाराची. शिरोरेषा ते पाया हे तीन भाग धरले तर वर दीड ते दोन आणि खाली साधारण दीड भाग. नावात उकार नसेल तरी खालची जागा सोडू नका असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ‘माधव’ लिहिताना खाली उकारासाठी जागा राखली तर नाव फळीवर वर चढल्यासारखं दिसतं. नावाचा वरचा आणि खालचा पसारा मोजा आणि तो सगळा मिळून मध्ये आणा.

मग अडचणीची अक्षरं आधी काढून बघा. ‘कुलकर्णी’मध्ये रफार आणि वेलांटी एकाच ठिकाणी येतात. रफार वेलांटीच्या उजवीकडे किंचित वर न्यावा लागतो, नाहीतर दोन्ही मिळून एक डाग दिसतो. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला ऱ्ह आडव्या कोयत्याच्या आकाराचा काढायचा, रफार देऊन भागत नाही. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे काढा. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत दोन पाकळ्यांचा, उभ्या दांड्याशिवायचा ल आहे. आपल्या घरावर तो शोभतोही. आणि रंग हातात घेण्यापूर्वी शुद्धलेखन कोशात बघा. ‘आशीर्वाद’मधली शी दीर्घ आहे, आणि ती ऱ्हस्व लिहिलेल्या पाट्या गावोगाव दिसतात.

दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने सारखं ठेवू नका. र, ट, द यांच्या पोटात किंवा पायाशी मोकळी जागा असते, म्हणून पुढचं अक्षर थोडं जवळ ओढावं लागतं. म, स, ण भरीव आणि दांड्याचे, त्यांना श्वास हवा. कागद भिंतीवर लावून लांबून, डोळे बारीक करून बघा. कुठे गर्दी, कुठे पोकळी, ते लगेच दिसतं.

माझं अक्षर चांगलं नाही. फॉन्टवरून काढू का?

काढा, त्यात कमीपणा नाही. ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘यात्रा वन’ असे देवनागरी फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्यावर मिळतात. नाव मोठ्या मापात छापून घ्या, कागदाच्या मागे खडू घासा, फळीवर चिकटपट्टीने बसवा आणि बोथट पेन्सिलने कडा गिरवा. फळीवर खडूची रेघ उमटते. पार्श्वभूमी फिकी असेल तर खडूऐवजी मऊ पेन्सिल घासा. कार्बन पेपर नको, त्याचा रंग पांढऱ्या पेंटमधून वर येतो.

मात्र फॉन्ट जसाच्या तसा न ठेवता आपल्या नावापुरता दुरुस्त करा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं बघा. प्रत्येक नाव त्या नाटकापुरतंच घडवलेलं आहे, अक्षरं एकमेकांना जागा करून देतात. पाटीवरही एखादी वेलांटी लांबवून दोन शब्द बांधता येतात. फक्त जाड-बारीकपणाची शिस्त मोडू नका. बोरूने लिहिताना एका तिरप्या दिशेची रेघ बारीक आणि दुसऱ्या दिशेची जाड येते. ब्रशने काढतानाही सगळ्या अक्षरांत ती दिशा एकच हवी.

विनायलची कापीव अक्षरं चिकटवणं झटपट होतं, पण दमट हवेत कडा सुटतात आणि ती पाटी पुन्हा रंगवताना दुप्पट काम पडतं. मी तो मार्ग सुचवणार नाही.

ब्रश कसा धरायचा? हात थरथरतो.

लांब आणि मऊ केसांचा, टोक एकत्र राहणारा ब्रश घ्या. आखूड कडक केसांच्या ब्रशने सरळ रेघ येत नाही. रंग सायीच्या दुधाइतका दाट ठेवा, लागलाच तर टर्पेंटाइनचे थोडे थेंब. पेंटर मंडळी एका काठीच्या टोकाला कापडाचा बोळा बांधतात, तो फळीच्या कडेला टेकवतात आणि उजवा हात काठीवर ठेवून ब्रश चालवतात. घरी हे करून बघा, थरथर जवळजवळ थांबते. रेघ मनगटाने न ओढता खांद्यापासून अख्खा हात फिरवून ओढा आणि श्वास सोडताना ओढा.

आधी उभे दांडे, मग गोलाया, मग मात्रा. शिरोरेषा मी शेवटी ओढते, म्हणजे दांड्यांची वरची टोकं तिच्यात झाकली जातात. लांब शिरोरेषेसाठी वर-खाली मास्किंग टेप लावली तरी चालते, पण रंग ओला असतानाच ती सोलून काढायची.

पाटीवर कोणाकोणाची नावं लिहावीत?

घरात राहतात त्यांची. कित्येक घरांवर अजून एकट्या कर्त्या पुरुषाचं नाव असतं, तेही आद्याक्षरांसकट. बाईने ज्या घरात आयुष्य काढलं त्या घराच्या दारावर तिचं नाव असावं, यात चर्चा करण्यासारखं काही नाही. गावोगावी मुलींच्या नावाच्या पाट्या लावण्याचे उपक्रम झाले ते याच भावनेतून. दोन ओळींत लिहिणार असाल तर दोघांची अक्षरं एकाच मापाची ठेवा. नावं बरीच असतील तर वर घराचं नाव, खाली फक्त आडनाव.

लाकडाच्या रेघा दिसायला हव्यात. नुसतं पॉलिश करून अक्षरं काढली तर?

साग आणि फणसाला हे खुलून दिसतं. फ्रेंच पॉलिश बाहेर चालत नाही, पाणी लागलं की लाखेवर पांढरे चट्टे येतात. बाहेरच्या वापराचं, उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपासून बचाव करणारं वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. पण रंग जसा ऊन अडवतो तसं पारदर्शक थर अडवू शकत नाही. दर एक-दोन वर्षांनी हलकं घासून नवा हात द्यावा लागेल, हे धरून चला. कच्च्या जवसाच्या तेलावर कोकणात काळी बुरशी धरते. तेल वापरलंच तर भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

भिंतीवर कशी लावायची?

भिंतीला चिकटवून नाही. मागे तीन-चार सुतांचे ठोकळे किंवा वॉशर ठेवा म्हणजे हवा खेळेल आणि भिंतीची ओल फळीला लागणार नाही. वरची कड सपाट न ठेवता पुढे किंचित उतरती तासा, पाणी थांबत नाही. पागोळ्या जिथे पडतात तिथून शिंतोडे कुठवर येतात ते एखाद्या पावसात बघून ठेवा आणि पाटी त्याच्या वर लावा.

स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाचा सागातल्या टॅनिनशी संयोग होऊन काळे ओघळ उतरतात. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. एका बाजूची भोकं स्क्रूच्या मापाची आणि दुसऱ्या बाजूची जरा लांबट ठेवा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. भोकाच्या आतही अस्तराचा ब्रश फिरवा. चिऱ्याच्या भिंतीत छोटे प्लग सैल होतात, लांब प्लग वापरा. जुन्या घराच्या चौकटीवर गणेशपट्टी असेल तर तिथे स्क्रू मारू नका, पाटी बाजूच्या भिंतीवर घ्या.

कोणत्या महिन्यात काम काढावं?

दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत. हवा कोरडी असते आणि ऊन सोसवेल इतकंच. गुढीपाडव्याला लावायची तर माघात सुरुवात करा. पावसाळ्यात रंगवू नका, ओल आत कोंडली जाते.

घराची पाटी मराठीत असणं सक्तीचं आहे का?

नाही. मराठी पाट्यांची सक्ती दुकानं आणि आस्थापनांसाठी आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही. घरावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

लावलेल्या पाटीची निगा आणि पुन्हा रंगवणं?

पावसाळा संपला की ओल्या फडक्याने पुसा आणि काढून मागची बाजू बघा. बुरशीचे काळे ठिपके असतील तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. टोकांना रंग फाटलेला दिसला तर तेवढीच जागा घासून अस्तर आणि रंग त्याच आठवड्यात द्या, सगळी पाटी रंगवायची वेळ त्यामुळे लांबते. अक्षरं फिकी झाली असतील पण रंग घट्ट असेल, तर २२० ने चमक मोडून जुन्याच रेघांवरून पुन्हा ब्रश फिरवा. पोपडे सुटत असतील तर मात्र वरून रंग देऊन उपयोग नाही, लाकडापर्यंत खरवडावं लागेल. खरवडण्याआधी पाटीवर पातळ कागद ठेवून अक्षरांच्या कडा गिरवून घ्या आणि तो कागद गुंडाळून जपून ठेवा, पुढच्या वेळीही तोच कामाला येईल.